आबा, हात काढा

विमान पाडून जेवायला आली की माझी लेक वरण थंड झालं म्हणून माझ्यावर डाफरायची. जणू मीच मागच्या खोलीत जाऊन तिचं इंजिन बंद केलं होतं. तेव्हा ती सहावीत होती. आम्ही शिरूरला राहतो. मी रांजणगावच्या एका कंपनीत तपासणी खात्यात आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढून घरी आल्यावर कुणाचं ऐकून घ्यायची मला फारशी हौस उरत नाही. त्यामुळे त्या दिवसांत आमच्या घरात रोज संध्याकाळी दोन अपघात व्हायचे, एक विमानाचा आणि एक आम्हा मायलेकींचा.

कॉम्प्युटर नवऱ्यानं जुना घेतला होता, अभ्यासाला म्हणून. अभ्यास दोन दिवस चालला. मग लेकीनं हट्ट धरला तो या विमानाच्या खेळाचा. दुकानदार भला माणूस. त्यानं मला आधीच सांगितलं, "मॅडम, हा गेम नाही, सिम्युलेटर आहे. सगळं खऱ्यासारखं. मोठी माणसंपण कंटाळून सोडतात." मला वाटलं बरंच झालं, आठ दिवसांत सोडेल. गोळ्या झाडायच्या खेळांपेक्षा हे बरं, एवढाच माझा विचार होता. पण घरी आणल्यावर कळलं, की यात रक्त नाही तशी शाबासकीही नाही. गोळा करायला नाणी नाहीत, चढायला पायऱ्या नाहीत, टाळ्या वाजवणारं कुणी नाही. नुसतं इंजिन सुरू करायचं तर ढीगभर बटणं क्रमानं दाबा. बाहेर खरोखर वारा सुटला असेल तर खेळातही तोच वारा. आणि चुकलं की विमान पडतं, पडद्यावर एक कोरडी ओळ येते आणि विषय संपतो.

माझ्या लेकीचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तिला चूक सहन होत नसे. दुसऱ्याची नव्हे, स्वतःची. एक अक्षर वाकडं आलं की पान टरकवायची. पेटीच्या क्लासला घातलं, एक सूर चुकला, बाई सहज हसल्या, त्या दिवसापासून पेटी बंद. नाताळच्या कार्यक्रमात शास्त्रवचन म्हणताना एक शब्द अडला, तर भर स्टेजवरून उतरून ही थेट चर्चच्या फाटकाबाहेर. नंतर कित्येक रविवार संडेस्कूलचं नाव काढू दिलं नाही. पोरगी हुशार आहे असं सगळे म्हणायचे, आणि मला त्याच शब्दाची धास्ती वाटायची. पहिल्या फटक्यात न जमणारं सगळं सोडत गेली तर हिच्या हाताशी शेवटी राहील काय? आणि अशा पोरीला मी असा खेळ आणून दिला होता, ज्यात पडण्याशिवाय दुसरं काही घडतच नव्हतं.

माझी नणंद दौंडला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती एकदा आली, तासभर पोरीच्या मागं उभी राहिली आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वहिनी, हे लहान मुलांचं काम नाही. मुलाला आधी थोडं जिंकू द्यावं लागतं. सारखं हरून मूल खचतं. आणि आपली तर अशी हळवी."

मनातून मला पटलं होतं. पण नणंदेला तोंडावर हो म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, "मग काय सापशिडी देऊ? तिथं तर डोकं लागतच नाही."

दौंडला गेल्यावर मात्र तिनं आबांच्या कानावर घालायचं ते घातलंच.

त्याच आठवड्यात लेकीनं कीबोर्डवर अशी मूठ आपटली, की एक बटण उडून कपाटाखाली गेलं. "मला काहीच येत नाही," म्हणून पालथी पडून रडली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी होती तर शाळेतच जायला तयार होईना. माझं डोकं फिरलं. मी कॉम्प्युटरची वायर उपटली आणि म्हटलं, "बास. आजपासून बंद." नवरा दारात उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "आबांना इचारू."

आबा म्हणजे माझे सासरे. उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवून रिटायर झालेले, दौंडला राहतात. आमच्या घरात फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा हेसुद्धा आबा ठरवतात, आणि एकदा त्यांनी ठरवलं की ते बदलत नाही. फोन स्पीकरवर होता.

"मी सणाला येतोय तवा सोता बसून बघतो," आबा म्हणाले. "पोरीनं मला दौंडावरनं पुण्याला न्यावं आन् सुखरूप उतरवावं. एकदाच. जमलं तर मिशीन ठिवा. न्हाई जमलं तर बांधून मी संगं घिऊन जातो."

"एकदाच का, आबा?" नवऱ्यानं विचारलं.

"का म्हंजी? गाडी फलाटाला लावायची ती एकदाच असती. फुडं गेली तर परत लावून दावतो म्हनता येत न्हाई."

लेक डोळे पुसत ऐकत होती. "बघा म्हणावं," ती म्हणाली, आत गेली आणि वायर परत खोचली. मी अडवलं नाही. खरं तर तेव्हा मला अडवावंसं वाटत होतं की नाही हेच मला कळत नव्हतं.

सणापर्यंत रोज मी भाजी निवडायला तिच्या शेजारी बसू लागले. आधी मी दुसऱ्या खोलीतून नुसता आरडाओरडा ऐकायचे, आता तोंड पाहत होते. विमान पडायचं. ती ओठ चावायची, हनुवटी थरथरायची, आणि हात सवयीनं काहीतरी फाडायला शोधायचा. इथं फाडण्यासारखं काही नव्हतं. मग ती पुन्हा बारामतीच्या धावपट्टीवर जाऊन उभी राहायची. पुण्याच्या विमानतळावर, लोहगावला, मात्र निम्म्या वेळाही नीट उतरत नव्हती. मी देवाला म्हटलं, बाबा, त्या दिवशी एकदा उतरव, मग बघू.

शिरूरच्या जुन्या मिशन चर्चमध्ये कापणीचा सण झाला. उपासनेनंतर लोकांनी वाहिलेल्या धान्याभाजीचा लिलाव झाला, आबांनी दरवर्षीसारखा सगळ्यात मोठा भोपळा पटकावला आणि तो नवऱ्याच्या खांद्यावर देऊन घरी आले. मटणाचं जेवण झालं. नणंद पानाचा डबा घेऊन पलंगावर बसली. आबांनी चर्चचा कोट काढला नाही. ते तसेच लेकीच्या उजव्या हाताच्या खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "चला. दौंड."

"आबा, दौंडला धावपट्टी नाही. बारामतीहून उडून दौंडवर जावं लागेल."

"न्हाई? येवढं जंक्शन आन् धावपट्टी न्हाई?" त्यांनी आम्हा सगळ्यांकडं असं पाहिलं, की जणू आम्हीच ती कुठं लपवली असावी.

लेकीनं एकेक बटण मोठ्यानं म्हणत इंजिन सुरू केलं. छोटं, पुढं पंखा असलेलं चार माणसांचं विमान. ते उडालं, आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. खऱ्यासारख्या खेळाचं हेच असतं. बारामती ते दौंड जायला जेवढा वेळ विमानाला लागेल तेवढा लागतो. नणंदेला डुलकी लागली. खाली उसाचे हिरवे तुकडे सरकत होते, मग भीमा आली, आणि तिच्या कडेला रुळांचा मोठा पसारा दिसला.

आबा खुर्चीतून अर्धे उठले. "आरं, यार्ड! आपलं यार्ड हाय ह्ये!"

"हो आबा. आता मी तुमची लाईन धरून जाते."

रेल्वेच्या इंजिनात एक रीत असते. पुढचा सिग्नल दिसला की सहायक हात लांब करून तो मोठ्यानं पुकारतो, आणि ड्रायव्हर तेच मोठ्यानं परत म्हणतो, म्हणजे दोघांनीही पाहिलं याची खात्री होते. आबांनी तोच हात पडद्याकडं लांब केला. "पाटस!" त्यांचा आवाज असा काही लागला, की नणंद दचकून जागी झाली.

"पाटस," लेक म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"केडगाव!"

"केडगाव."

"खुटबाव! यवत!"

खुटबावचं स्टेशन ते काय, वरून तर चिमूटभर, पण आबांनी ते वळणावरून ओळखलं. माझा नवरा हसत होता. मला हसू येत नव्हतं, कारण आबा रमले म्हणून अट सैल करतील असे नाहीत. कौतुकही करतील आणि मशीनही बांधून नेतील.

लोणीच्या पुढं तिनं विमान उजवीकडं वळवलं. आबा अस्वस्थ झाले. "लाईन सोडली की!"

"विमानतळ तिकडं आहे, आबा."

"व्हय, पन लाईन सोडून जायाचं..." ज्या माणसानं नोकरीभर एकदाही रूळ सोडला नाही, त्याला ते ऐकवेना. त्यांनी खुर्चीची कड धरली.

लोहगावची धावपट्टी समोर दिसू लागली, पट्टीपेन्सिलीनं ओढलेल्या रेघेएवढी. त्या दुपारी डावीकडून आडवा वारा होता. विमान हळूहळू उजवीकडं सरकू लागलं. लेकीनं सरळ केलं, ते परत सरकलं. खाली घरं मोठी होत आली, रस्त्यावरच्या गाड्या दिसू लागल्या, आणि धावपट्टी समोर नव्हतीच, बाजूला होती. लेकीची हनुवटी थरथरली. ती हनुवटी मी तिच्या जन्मापासून ओळखते. मी मनात म्हटलं, झालं. आता उठेल आणि पळेल.

"कमी कर!" आबा ओरडले. "ब्रेक मार! थांबव, थांबव!" आणि त्यांनी हात घालून विमान वळवायच्या दांड्याच्या, जॉयस्टिकच्या, बुडातला इंजिनाची ताकद कमीजास्त करायचा लिव्हर खस्सकन मागं ओढला.

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. रेल्वेच्या माणसाला भीतीवर एकच औषध शिकवलेलं असतं, गाडी थांबवा. थांबलेली गाडी कुणाला मारत नाही. पण हवेत थांबलेलं विमान दगडासारखं खाली येतं. पिपाणी वाजावी तसा एक आवाज सुरू झाला. विमान पडायला आलं की तो आवाज येतो, हे मला भाजी निवडता निवडता पाठ झालं होतं.

"आबा, हात काढा!"

आमच्या घरात आबांना असं कुणी बोललेलं नाही. माझ्या सासूबाई बोलल्या नाहीत, नवऱ्याची तर छातीच नाही. नणंदेच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. आबांनी हात काढला. लेकीनं विमानाचं नाक जरासं खाली केलं, लिव्हर पूर्ण पुढं ढकलला, पिपाणी बंद झाली, इंजिन घुमलं, आणि विमान धावपट्टीला बाजूला ठेवून पुन्हा वर निघालं. "गो अराउंड," ती म्हणाली. "उतरत नाही. परत फिरून येते."

नणंद म्हणाली, "म्हणजे चुकलं. आबा, अट एकदाचीच होती."

नवरा घाईनं म्हणाला, "आबांनी मधी हात घातला म्हनून..."

"नाही पप्पा," लेक म्हणाली. डोळे पडद्यावर, हात जॉयस्टिकवर. "आबांच्या आधीच माझं चुकलं होतं. मी वारा कमी धरला. विमान सरकलं तेव्हाच परत फिरायला पाहिजे होतं, मी उशीर केला. आत्ता बोलू नका, मी वळतेय."

मी भिंतीला टेकले. माझं चुकलं, असं तिनं म्हटलं होतं. सगळ्यांसमोर, न रडता, दूध उतू गेलं म्हणावं इतक्या साध्या आवाजात. कुठं चुकलं तेही सांगितलं, कधी सुधारायला हवं होतं तेही. आणि हे सगळं बोलत असताना ती तेच काम पुन्हा करायला निघाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते कुणाच्या नकळत पुसायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मशीन दौंडला गेलं असतं तरी आता मला त्याचं काही वाटलं नसतं. जे हवं होतं ते माझ्यासमोर बसलेलं होतं.

आबांनी दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. नणंदेकडं वळूनही न बघता ते म्हणाले, "गप ऱ्हावा. गाडी चालू हाय." मग घसा खाकरून त्यांनी लेकीला विचारलं, "मी काय पुकारू?"

"वेग सांगा, आबा. त्या डावीकडच्या गोलातला काटा."

ते पुढं वाकले. माझे सासरे, ज्यांच्या शब्दावर घर चालतं, आपल्या नातीचे सहायक झाले. "ऐंशी!"

"ऐंशी."

"पंच्याहत्तर!"

"पंच्याहत्तर. बरोबर."

या वेळी तिनं विमानाचं तोंड आधीच वाऱ्याकडं जरा तिरपं धरलं होतं. ते तिरपंच येत होतं, पण येत होतं अगदी रेघेवर. "सत्तर!" आबांचा आवाज चिरकला. धावपट्टी रुंद झाली, तिनं शेवटच्या क्षणी विमान सरळ केलं, चाकं एकदा टेकली, उडाली, पुन्हा टेकली आणि टेकलीच. आम्ही ओरडणार तेवढ्यात तिनं डावा हात वर केला. विमान धावपट्टीवरून बाजूला घेतलं, एकेक बटण म्हणत सगळं बंद केलं, पंखा थांबला, तेव्हा ती मागं वळली. मग मात्र नवऱ्यानं जी आरोळी ठोकली, ती ऐकून शेजारची भाभी काय झालं म्हणून दाराशी आली, आणि काही न समजताच आमच्याबरोबर टाळ्या वाजवायला लागली.

नणंद पाठ सोडणारी नाही, ते एक तिच्याकडून शिकण्यासारखं आहे. "आबा, उतरली हे खरं. पण पहिल्या खेपेला चुकली होती ना?"

"चुकली," आबा म्हणाले. "आन् चुकली ह्ये तिला आपल्या आधी कळलं. जिला कळतं तिच्या हातात गाडी द्यायची असती." त्यांनी कोटाच्या बाहीनं कपाळ पुसलं. "मिशीन हितंच ऱ्हाईल."

नणंद उठली आणि तिनं भाचीच्या डोक्यावरून हात फिरवून, दृष्ट काढावी तशी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी तिला चहा ठेवला, साखर जरा जास्तच घातली.

आता कंपनीच्या बसमध्ये कारेगावच्या बायका मला विचारतात, आमच्या पोराला घेऊ का गं तो विमानाचा खेळ? मी म्हणते, घ्या, पण दुसऱ्या खोलीत ठेवू नका. मी पहिले दिवस नुसत्या किंकाळ्या ऐकल्या आणि वायर उपटली. शेजारी बसले तेव्हा कळलं की रडण्यात आणि रडण्यात फरक असतो. प्रत्येक पोराचं ते काम नाही हेही खरं. माझा भाचा दहा मिनिटांत जांभया देत बॅट घेऊन बाहेर पळाला, आणि त्याचं त्यात काही बिघडलेलं नाही. लहान मुलाला खरं जग झेपतं का, असं नणंद अजून विचारते. माझं म्हणणं, घरातल्या खुर्चीत बसून, आई शेजारी मेथी निवडत असताना पडायला मिळत असेल, तर त्याहून बरी जागा पडायला कुठली मिळणार? पण मी कुणी तज्ज्ञ नाही. मी एका पोरीपुरतं सांगते.

त्या दुपारचं थोडं राहिलं. चहा झाल्यावर आबा मुकाट्यानं लेकीच्या खुर्चीत जाऊन बसले. "मला बी दाव," म्हणाले. लेक उजवीकडच्या खुर्चीत गेली. आबांनी बारामतीच्या धावपट्टीवर विमान असं पळवलं, की ते कडेच्या गवतात गेलं. लेक म्हणाली, "पुन्हा." दुसऱ्यांदा ते उडालं आणि लगेच नाकावर आदळलं. आबा चिडले, मशीनला नाही नाही ते बोलले, पोरीसमोर बोलू नये तेही बोलले. लेकीनं त्यांचा हात धरून लिव्हरवर ठेवला. "आबा, चिडलं की ते जास्त पडतं. पुन्हा."

दौंडची एसटी सुटायची वेळ झाली होती. नवरा पिशवी आणि भोपळा घेऊन दारात उभा राहिला. "आबा, चला. गाडी चुकंल."

जन्मात कधी फलाटावर मिनिटभर उशिरा न पोचलेल्या आबांनी पडद्यावरची नजरसुद्धा हलवली नाही.

"चुकू दी," ते म्हणाले. "दुसरी यील की."